सरांची नक्कल

४ जानेवारी

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, "रोज घरी येऊन माझ्यावर फणफणतेस ते हिच्यावर फणफण. ही उलट उत्तर देत नाही." तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे उलट उत्तरांचा त्याला दांडगा अनुभव आहे.

तर वहीबाई, ओळख करून घ्या. वय तेहतीस. आधी डॉक्टर झाले, मग पुन्हा शिकून जास्त डॉक्टर झाले, आणि आता फक्त पोट, आतडी आणि यकृत यांची विशेष डॉक्टर होण्यासाठी फेलोशिप करते आहे. माझ्या वयाच्या मैत्रिणी घरं घेतायत, मुलांना पोहायला घालतायत, आणि मी अजून 'विद्यार्थिनी' म्हणून कँटीनमध्ये सवलतीत जेवते. फेलोशिपचं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. जूनअखेर संपेल. म्हणजे सर म्हणाले तर संपेल.

आमच्याकडची पद्धत अशी. लेखी परीक्षा वगैरे सगळं होतं, पण दुर्बिणीच्या कामात शेवटचा शब्द विभागप्रमुखांचा. ही दुर्बीण म्हणजे लांब, लवचीक नळी. तोंडातून घातली की जठर दिसतं, खालून घातली की मोठं आतडं. आम्ही तिला स्कोप म्हणतो. तर वर्षाच्या शेवटी विभागप्रमुखांनी एकच वाक्य म्हणायचं असतं: "ही आता एकटी करू शकते." म्हटलं की सुटलो. नाही म्हटलं तर आणखी एक वर्ष. पलीकडच्या गावातल्या इस्पितळाने माझी जागा जुलैपर्यंत धरून ठेवली आहे, नवऱ्याने बदलीचा अर्ज दिलाय, सासूबाईंनी तर नव्या घराचे पडदे शिवायला टाकलेत. सगळं तयार आहे, फक्त एक वाक्य बाकी आहे.

आणि आमचे सर दिवसाला जेमतेम दहा शब्द बोलतात. त्यातले निम्मे "मागे ये" असतात.

९ जानेवारी

सरांचं वर्णन करते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी आले तेव्हा हे गृहस्थ तोफ होते. कॉरिडॉरच्या त्या टोकाला खोकले तर या टोकाला पेशंट उठून बसायचे. मी स्कोप घेऊन आतड्याच्या पहिल्या वळणाला अडखळले रे अडखळले की "दे इकडे!" म्हणून खसकन ओढून घ्यायचे आणि मुरंब्यात चमचा फिरवावा तसे सहज शेवटापर्यंत जायचे. मी बाजूला उभी, चेहरा पाडून. तेव्हा वाटायचं, देवा, या माणसाला स्कोपपासून जरा लांब ठेव.

देवाने ऐकलं. सव्वा वर्ष झालं, सरांनी माझ्या हातातला स्कोप एकदाही घेतलेला नाही. कोटाच्या खिशात दोन्ही हात, माझ्या मागे उभे, आणि पुटपुटणं चालू. "डावीकडे. थांब. मागे ये." आतड्यात वेटोळं पडलं की स्कोप पुढे ढकलून उपयोग नसतो, थोडा मागे घेऊन सरळ करावा लागतो, हे मलाही कळतं. पण माझा घाम पायापर्यंत येतो, पेशंट कण्हतो, सिस्टर पोट दाबून धरते, आणि हे मागून उंटावरून शेळ्या हाकतायत!

निष्कर्ष उघड आहे. पहिल्या वर्षी मी वाईट होते म्हणून ओढून घ्यायचे. आता मी इतकी वाईट आहे की ओढून घ्यायचेही कष्ट घेत नाहीत.

१७ जानेवारी

आज सासूबाईंच्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यांच्यासमोर सासूबाईंनी मला बोलावून अभिमानाने सांगितलं, "ही आमची सूनबाई. मोठी डॉक्टर आहे." एकीने विचारलं, कसली? सासूबाईंनी समोरच्या केककडे बघितलं आणि म्हणाल्या, "हृदयाची."

नंतर स्वयंपाकघरात मी म्हटलं, "आई, हृदय?" तर म्हणाल्या, "अगं, समोर केकचा तुकडा होता तिच्या. खरं सांगितलं असतं तर खाल्ला असता का तिने?" माणसाच्या शरीरात हृदयच तेवढं सभ्य लोकांसमोर काढता येतं.

२ फेब्रुवारी

आजचा किस्सा नोंदवण्यासारखा आहे. वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ, जठरातून रक्तस्राव. रक्त वरून झिरपलं की खालून डांबरासारखं काळं येतं, आणि त्याला जो वास असतो तो एकदा घेतलेला माणूस जन्मभर विसरत नाही. जिन्यात असतानाच कळतं, आज कुणीतरी आलंय. वॉर्डबॉय मामा नाकाला रुमाल बांधून फिरत होता. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटने तर स्वतःची सुट्टी मागितली.

सर आले. थेट पलंगापाशी उभे राहिले, लांब श्वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "शौचाचा रंग कसा आहे?"

मी बघतच राहिले. अहो, रंग कशाला हवा, हा वास पार्किंगपर्यंत गेलाय! पण नाही, आमची परीक्षा घ्यायची ना. मीही मग ठसक्यात म्हटलं, "काळा, सर. वासावरून समजतंच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हल्ली हलतच नाही. पूर्वी रागावले तर निदान रागावलेले दिसायचे, आता इस्त्री केल्यासारखा चेहरा. पद जुनं झालं की माणूस असा होतो बहुतेक.

११ फेब्रुवारी

सिस्टरबद्दलही लिहायला हवं. स्कोपच्या खोलीतल्या या सिस्टर सरांबरोबर वीस-बावीस वर्षं आहेत. खोलीची मालकीण तीच, आम्ही सगळे भाडेकरू. मला "डॉक्टर" म्हणते, पण असं म्हणते की त्यात "अजून व्हायच्या आहेत" हे ऐकू येतं.

तिचा कंजूषपणा बघा. चहा आला की आम्हाला सगळ्यांना भरून देते, आणि खुद्द सरांना अर्धा कप. विभागप्रमुख माणूस, अर्धा कप! आज मी म्हटलं, "सिस्टर, सरांना भरून द्या की, त्यांच्यासाठी काय माप लावलंय?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी माझाच कप खाली ठेवला.

आणखी एक. सरांच्या टेबलाच्या खणात पोट साफ होण्याच्या पावडरीची पाकिटं भरून आहेत. मी कात्री शोधताना पाहिली. सगळ्या गावाची आतडी मोकळी करणारा माणूस स्वतः अडलेला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाकिटं सिस्टर आधीच कातरून ठेवते, तेही बघितलं. काय ते लाड.

२६ मार्च

हात अजून दुखतायत, पण आज लिहिलंच पाहिजे.

दुपारी एक बसचा ड्रायव्हर आणला. रक्ताच्या उलट्या. नाडी लागेना. रक्त चढवायला घेतलं आणि तसाच स्कोपच्या खोलीत. मी आत गेले तर जठरात रक्ताचं तळं, आणि पलीकडे अल्सरमधून एक धमनी पिचकारीसारखी उडतेय. मॉनिटरचा पडदा लाल. दिसेना काहीच. धुतलं की पुन्हा लाल.

मी वळले आणि म्हटलं, "सर, घ्या ना. प्लीज घ्या."

सर हलले नाहीत. "तूच."

"सर, मरेल हो माणूस!"

"मरणार नाही. मागे ये. पाणी मार. आता उजव्या कुशीवर वळवा त्याला, रक्त सरकेल. थांब. श्वास घे. तू, पेशंट नाही. आता बघ. दिसली?"

दिसली. एक क्षण दिसली.

"क्लिप."

मी स्कोपमधून धमनीवर क्लिप लावली. चुकली. दुसरी लावली. पिचकारी थांबली. पडद्यावर एकदम सगळं गुलाबी आणि शांत झालं. एवढ्या गडबडीतही मला एक गोष्ट दिसली. स्कोप चालू असताना सरांचा एक हात पहिल्यांदाच खिशाबाहेर होता, पलंगाच्या कठड्यावर, आणि सिस्टरने त्याच्यावर स्वतःचा हात दाबून धरला होता. घट्ट. पेशंट मरतोय आणि यांचं हे!

बाहेर ड्रायव्हरची बायको सरांच्या पाया पडायला वाकली. सरांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. निदान हात जोडून "अहो, उठा" तरी म्हणावं? नाही. हात पुन्हा खिशात. त्या बाईने मला मिठी मारली, आणि मी रडले. रागानेच जास्त. माणूस मेला असता तरी या गृहस्थांनी खिशातून हात काढले नसते. आणि शाबासकीचा शब्द? एक नाही.

२७ मार्च

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू ते एकटीने केलंस." मी म्हटलं, मुद्दा तो नाही. तो म्हणाला, "मग कुठला?" मी म्हटलं, मुद्दा सर आणि सिस्टरच्या हातांचा आहे. या वयात! त्याने वह्या तपासायला घेतल्या.

१५ एप्रिल

मनोरंजनाची एक बातमी. दर वर्षी मे महिन्यात विभागाचं जेवण असतं, आणि त्यात जाणाऱ्या फेलोंनी आपल्या वरिष्ठांच्या नकला करायच्या हा रिवाज. ज्याची नक्कल त्याने पहिल्या रांगेत बसून ती सोसायची. वर्षभर त्यांनी आम्हाला सोसलेलं असतं, त्याची फेड.

माझ्याबरोबरचा फेलो, ज्याला आम्ही गोल्ड मेडल म्हणतो (कारण ते त्यानेच आम्हाला रोज सांगितलंय), मॅडमची नक्कल करणार. मॅडम म्हणजे आमच्या दुसऱ्या वरिष्ठ, सरांच्या खालच्या. सरांची अर्थात माझ्याकडे. नकला मी शाळेपासून करते. माणूस नीट बघायचा, मग त्याच्यातलं जे जरासं जास्त आहे ते घ्यायचं. सरांचं तर काही वाढवावंही लागत नाही. कँटीनमध्ये थोडी करून दाखवली तर गोल्ड मेडलच्या नाकातून सूप आलं. म्हणाला, "अगदी सेम टू सेम! तू सरांना रोज एवढं बघतेस?"

बघणारच. दुसरं काय करते मी? माझं सगळं आयुष्य त्या माणसाच्या एका वाक्यावर टांगलेलं आहे.

४ मे

झालं जेवण. आणि काय झालं! लिहितानाही हसू येतंय.

मी सरांचा कोट घातला (सिस्टरकडे मागितला तर नाही म्हणाली, तेव्हा धोब्याकडून आणला). दाराशी आले आणि आत यायच्या आधी थबकले, जसे ते हल्ली थबकतात, जणू उंबऱ्याने परवानगी द्यायची आहे. तिथेच पहिला हशा. मग छोटी छोटी पावलं, डावा हात कोपरात जरासा वाकलेला आणि अंगाला चिकटलेला, उजवा हलतो, डावा नाही. वळायचं झालं तर एकदम नाही, चार-पाच पावलांत, मोठा ट्रक वळवावा तसं. चेहरा सपाट. मग हळू, ओठांतल्या ओठांत, "मागे ये." नंतर अर्धा कप चहा. मग सही. ती पूर्वी कागदभर असायची, आता डास बसल्याएवढी असते, तीही करून दाखवली. लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले होते. मॅडमनी डोळे पुसले. गोल्ड मेडलची पाळी नंतर आली, पण त्याच्याकडे कोण बघतंय?

सर पहिल्या रांगेत होते. हसले की नाही, काय सांगू? चेहरा तोच. सिस्टर मात्र मध्येच उठून गेली. लागलं असेल तिला, तिच्या सरांना कोणी काही बोललेलं चालत नाही.

नंतर हात धुताना पाहुण्यांपैकी एकजण माझ्या बाजूला आले. मेंदूचे डॉक्टर, सरांचे कॉलेजातले मित्र. म्हणाले, "छान केलीस. तो डावा हात अंगाशी धरणं, ते तू घातलंस का त्यात?"

मी म्हटलं, "नाही हो सर, मी पदरचं काही घालत नाही. मी प्रामाणिक कलाकार आहे."

"चालताना खरंच हलत नाही?"

"अजिबात नाही. खांदा आखडलाय म्हणतात."

"आणि आवाज? कधीपासून बारीक झाला?"

"दीडेक वर्ष."

"वासाबिसाचं काही?"

मी म्हटलं, अहो, तो तर वेगळाच किस्सा, आणि काळ्या शौचाची गोष्ट अगदी रंगवून सांगितली. हा माणूस हसलाच नाही. टॉवेलला हात पुसत राहिला, पुसत राहिला. मग म्हणाला, "तू फार चांगलं बघतेस." आणि निघून गेला. मेंदूवाल्यांना विनोदाचं वावडं असतं बहुतेक.

५ मे

आज सर आले नाहीत. खोकला नाही, ताप नाही, कळवलेलं नाही. रुसले वाटतं. पहिल्या रांगेत बसायचं तर छाती हवी ना.

८ मे

अजून नाहीत. मॅडम स्कोपच्या खोलीत आल्या आणि दोन मिनिटांत माझ्या हातातून स्कोप काढून घेतला. "दे गं, वेळ जातोय." मी बाजूला उभी राहिले. सिस्टरशी बोलायला गेले तर तिने पाठ फिरवली आणि सुया मोजत बसली.

९ मे

मी डॉक्टर आहे.

त्या मेंदूवाल्यांचे प्रश्न आज एकेक करून आठवले. मी गेली दीड वर्षं त्या माणसाचं चालणं, हात, आवाज, चेहरा, सही, सगळं बघून पाठ केलं. दारात थबकणं पाठ केलं. वास न येणं विनोद म्हणून सांगितलं. पोट साफ न होणं विनोद म्हणून लिहिलं, इथेच, या वहीत, दिव्याखाली अंधार म्हणून. एखाद्या विद्यार्थ्याने मला ही सगळी लक्षणं एका ओळीत सांगितली असती तर मी अर्ध्यावरच कंपवात म्हणून नाव सांगितलं असतं आणि वर त्याला म्हटलं असतं, हे कुणीही ओळखेल.

पुस्तकात अगदी याच क्रमाने आहे. आज उघडून बघितलं. पोट आधी अडतं, वास जातो, मग हात कापतात. पोट आधी! म्हणजे माझ्याच खात्यातलं लक्षण, आणि मी कात्री शोधत होते.

दोनशे माणसांसमोर कोट घालून आजार करून दाखवला. आणि टाळ्या घेतल्या.

१० मे

सिस्टर आज बोलली. एकदाच बोलली, पण पुरेल मला.

"डॉक्टर, ज्या दिवशी त्यांचा हात पहिल्यांदा थरथरला ना, त्याच दिवशी त्यांनी स्कोप सोडला. कुणी सांगितलं नाही, पेशंटला ओरखडाही आला नव्हता. मला म्हणाले, 'सिस्टर, उद्यापासून मी हात लावणार नाही. पण या पोरीला अर्ध्यात सोडायचं नाही. तोंडाने शिकवून बघू.' दीड वर्ष मी अर्धा कप दिला, पूर्ण दिला तर सांडायचा. त्या ड्रायव्हरच्या वेळी त्यांचा हात इतका कापत होता की कठडा वाजायला लागला असता, तुमचं लक्ष गेलं असतं. म्हणून धरला मी. तुम्ही काय समजलात?"

मी काय समजले ते मी सांगितलं नाही.

"तुमची नक्कल बघून त्यांच्या मित्राने त्याच रात्री ओळखलं, आणि गोष्ट वरपर्यंत गेली. जूनअखेर ते आपण होऊन जाणार होते. तुमचं झालं की. दोन महिनेही राहिले नव्हते, डॉक्टर. तुम्हाला तेवढा दम नाही निघाला." मग म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं, ते खरंय. पण तुम्ही रोज बघत होतात."

तोंडात मारल्यासारखं झालं, आणि बरंच झालं.

१४ मे

व्यवस्थापनाचा निरोप आला. सरांनी स्कोपच्या खोलीत यायचं नाही. महिनाअखेरपर्यंत पद नावापुरतं, मग मॅडम. माझ्याबद्दल मॅडम म्हणाल्या, "मी तुला काम करताना फारसं बघितलेलंच नाही. आणखी एक वर्ष माझ्या हाताखाली कर, मग सांगते." हातातला स्कोप दोन मिनिटांत काढून घेतल्यावर बघणार तरी काय?

स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर मारावा, पण मी आधी दुसऱ्याच्या पायावर मारला आणि मग तो घरंगळत माझ्यावर आला. पलीकडच्या गावच्या इस्पितळाला कळवायला हवं. नवऱ्याने बदलीच्या अर्जाचं काय करायचं विचारलं नाही. सासूबाईंनी शिंप्याला फोन करून "पडद्यांची घाई नाही" म्हणून सांगितलं, माझ्याकडे न बघता. इतकी चांगली वागतायत सगळी की घरात बसवत नाही.

नवरा एवढंच म्हणाला, "तू त्यांच्याकडे जाऊन आलीस का?" मी म्हटलं, कुठल्या तोंडाने जाऊ? तो म्हणाला, "तुझ्याच. दुसऱ्यांची तोंडं घेणं जरा बंद कर."

१८ मे

गेले.

सरांच्या बायकोने दार उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर "अगं बाई, तूच का ती!" म्हणाल्या, आणि त्या "ती"चा अर्थ मला लागेना. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. कोट नव्हता, त्यामुळे खिसेही नव्हते. हात मांडीवर होते आणि डावा हात आपला आपला हलत होता, अंगठा बोटांवर घासत. तो थरथरताना मी पहिल्यांदाच बघितला. मी तिकडे बघू नये म्हणून भिंतीकडे बघायला लागले.

"बघ," सर म्हणाले. "तुझं कामच आहे."

मी माफी मागितली. नीट तयारी करून गेले होते, तरी "सर, माझं चुकलं" याच्यापुढे काही आलं नाही आणि रडू मात्र आलं. त्यांनी ते संपू दिलं.

मग म्हणाले, "मला माहीत होतं. नाव ऐकायचं नव्हतं एवढंच. आपले पेशंट करतात तेच. रक्त पडतं महिनाभर आणि मूळव्याध असेल म्हणून सांगतात. आपण त्यांना ओरडतो." बोलताना दम लागतो हल्ली. "आता औषध चालू केलंय. मित्र विचारतो, कधी सुरू झालं, कसं वाढलं? मला सांगता येत नाही. स्वतःला कोण बघतं? तू बघितलंयस. करून दाखव."

"काय, सर?"

"नक्कल. मी आलो नव्हतो का जेवणाला? पण पाठीमागून सगळे हसत होते, नीट बघता आलं नाही. कर. आधी तू पहिल्या वर्षी आलीस तेव्हाचा मी."

मी नाही म्हटलं. मेले तरी करणार नाही म्हटलं. बाई आतून म्हणाल्या, "कर गं. दोन दिवस त्याचंच चाललंय त्यांचं." आणि पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या.

केली. पहिल्या वर्षीचे सर केले. दारातून तरातरा आत आले, दोन्ही हात हलवत, कॉरिडॉर हादरेल असा खाकरा काढला, आणि "दे इकडे!" म्हणून काल्पनिक स्कोप खसकन ओढला. बाईंच्या तोंडून एकदम "हो, असेच" निघालं. सर टक लावून बघत होते. मी त्याच माणसाला त्याचे चालते हात परत दाखवत होते.

"आता त्याच्यानंतरचा."

मग मी तो टप्प्याटप्प्याने केला. कधी आवाज उतरला. कधी डावा हात थांबला. कधी सही लहान झाली. ते मध्ये मध्ये विचारत होते, राउंडवर विचारायचे तसे. "हे आधी की आवाज आधी?" "वळताना पावलं किती?" मीही केस सांगावी तसं सांगत गेले, आणि कुठेतरी माझं रडणं थांबलं. शेवटी आताचे सर केले. सपाट चेहरा, हात खिशात, पुटपुट.

"पाठ जराशी जास्त वाकव," ते म्हणाले. "लपवू नकोस."

मी वाकवली.

"बरोबर. आता या तुझ्या सरांना एक विचार. ही पोरगी एकटी करू शकते का?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. चेहऱ्यावरून काय कळणार? पण ते थांबून राहिले. बाईही थांबल्या. मला दुसरं काही सुचेना. तीन वर्षांत मी त्यांच्या तोंडून जे ऐकलं त्यातून त्यांचं उत्तर काय असेल ते मला चांगलंच ठाऊक होतं. मी त्यांच्याच आवाजात, ओठांतल्या ओठांत म्हटलं, "अजून नाही. आणखी एक वर्ष."

सरांचे खांदे हलले. मी घाबरले, पुढे झाले, आणि मग लक्षात आलं की हा माणूस हसतोय. चेहऱ्याला जमत नव्हतं म्हणून खांद्यांनी हसत होता.

"चूक," ते म्हणाले. "बाकी सगळं हुबेहूब. इथे नक्कल चुकली तुझी." मग बायकोला म्हणाले, "मॅडमना फोन लाव. महिनाअखेरपर्यंत मीच प्रमुख आहे. हात गेलेत, तोंड नाही."

फोन लागला. सर बोलले, पण इतकं बारीक की पलीकडून मॅडम "हॅलो? हॅलो? ऐकू येत नाही" करत राहिल्या. दोनदा म्हणाले, तीनदा म्हणाले. शेवटी बाईंनी फोन त्यांच्या हातातून घेतला आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडल्या, "अहो, ते म्हणतायत, ही आता एकटी करू शकते! एकटी! हो, करू शकते! केव्हापासून? थांबा, विचारते."

त्यांनी सरांकडे बघितलं. सरांनी काहीतरी सांगितलं.

"मार्चपासून!" बाई फोनमध्ये ओरडल्या. "तो ड्रायव्हर वाचला तेव्हापासून म्हणतायत!"

पलीकडून मॅडम काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मी रडत होते.